ल्युडेरित्झ: एका बाजूला नामिब वाळवंट, दुसऱ्या बाजूला अटलांटिक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नामिबियाला जाणारी बहुतेक मंडळी सोसुसव्लेईच्या लाल वाळूत फोटो काढतात, एटोशात हत्ती बघतात आणि परततात. नैऋत्य कोपऱ्यातलं ल्युडेरित्झ त्यांच्या वाटेवर येत नाही, तिथे मुद्दाम जावं लागतं. जाणारे आणि न जाणारे दोघेही जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

हे गाव नेमकं कुठे आहे?

नामिबियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, २६ अंश ३८ मिनिटं दक्षिण अक्षांशावर. गावाच्या उत्तरेला, पूर्वेला आणि दक्षिणेला वाळवंट आहे आणि पश्चिमेला समुद्र. राजधानी विंडहुकहून कीटमान्सहूपमार्गे आलं तर रस्त्याने आठशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. शेवटचं मोठं गाव कीटमान्सहूप सुमारे ३४० किलोमीटर मागे राहतं आणि शेवटची वस्ती, आऊस, सव्वाशे किलोमीटर मागे. आऊस सोडलं की पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, झाडही नाही.

२०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १२,५३७ होती. आपल्याकडे एवढ्या वस्तीला तालुक्याचं गाव म्हणायलाही लोक कां-कू करतील. नामिबियात मात्र हे देशाच्या दोन समुद्री बंदरांपैकी एक आहे. दुसरं म्हणजे वॉल्विस बे.

समुद्राच्या काठावर असून पाऊस कसा नाही?

कारण समुद्र थंड आहे. अंटार्क्टिकाच्या बाजूने येणारा बेंग्वेला प्रवाह या किनाऱ्याला लागून उत्तरेकडे वाहतो. दक्षिणेकडून सतत वाहणारा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं गार पाणी वर येतं. ही क्रिया जगात ज्या ठिकाणी सर्वांत जोरात चालते, त्यांत ल्युडेरित्झसमोरचा समुद्र मोडतो. अशा पाण्यावरची हवा थंड आणि जड असते. ती वर चढत नाही, म्हणून ढग बांधले जात नाहीत आणि पाऊस पडत नाही. पडतं ते धुकं.

वर्षभराचा पाऊस सरासरी १७ मिलिमीटरच्या आसपास. कोकणात आषाढातली एखादी सर याहून जास्त पाणी टाकून जाते.

याच गार पाण्याबरोबर तळातली पोषकद्रव्यं वर येतात. त्यांवर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतं, प्लवकावर मासे, माशांवर पक्षी, सील आणि शेवटी माणसं. जमिनीवर काही उगवत नाही आणि समुद्रात मात्र रेलचेल, या दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे. पुढे येणारा जवळजवळ प्रत्येक धंदा इथूनच सुरू होतो. अपवाद हिऱ्यांचा, पण तेही समुद्रानेच आणून टाकलेले.

वारा खरंच इतका असतो का?

असतो. उन्हाळ्यात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मार्च, दुपारनंतर उभं राहणं कठीण होतं. गावाच्या वेशीवर रस्ता ओलांडून चंद्रकोरीच्या आकाराच्या वाळूच्या टेकड्या सरकत असतात आणि यंत्रं लावून वाळू बाजूला सारावी लागते. गाडी वाळूच्या वादळात सापडली तर रंग खरवडला जातो, काच धुरकट होते. भाड्याच्या गाडीच्या विम्यात वाळूने झालेलं नुकसान धरलंय का, हे आधी वाचा. बहुतेकदा धरलेलं नसतं.

या वाऱ्याचा उपयोग करणारेही निघाले. २००७ पासून इथे शिडाच्या फळ्या (विंडसर्फिंग) आणि पतंग (काइटसर्फिंग) घेऊन वेगाचे विक्रम करायला जगभरचे खेळाडू येतात. त्यासाठी खाडीकाठी अरुंद कालवा खणलेला आहे. २०१५ मध्ये फ्रान्सच्या आंत्वान आल्बोने शिडाच्या फळीवर ५३.२७ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ९९ किलोमीटरचा वेग इथेच गाठला.

पिण्याचं पाणी कुठून येतं?

आज ईशान्येकडच्या कोइखाब भागातल्या भूजलातून नळाने येतं. इथे जर्मनांचं राज्य होतं तेव्हा ते केपटाउनहून जहाजाने यायचं किंवा समुद्राचं पाणी उकळून, वाफ गोळा करून मिळवायचं. जवळच्या कोलमान्सकोप या हिऱ्यांच्या, आता ओस पडलेल्या गावात प्रत्येक गोऱ्या कुटुंबाला रोज वीस लिटर पाणी आणि बर्फाची अर्धी लादी फुकट मिळे, असं तिथे सांगतात.

युरोपीय लोक इथे पहिल्यांदा कधी आले?

१४८७ च्या अखेरीस पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियाश इथल्या खाडीत थांबला. आफ्रिकेचं दक्षिण टोक वळून परत येताना, १४८८ च्या जुलैत, त्याने इथल्या एका कड्यावर दगडी क्रूस उभारला. मूळ क्रूस टिकला नाही. आज दियाश टोकावर दिसते ती प्रतिकृती. तिथवर जायला लाकडी पायवाट आहे आणि वाऱ्यात तिचा कठडा धरून चालावं लागतं.

पोर्तुगीजांनी खाडीला आंग्रा पेकेना म्हटलं आणि ते पुढे निघून गेले. इथे ना पाणी होतं ना व्यापार. अर्थात किनारा त्याआधी ओसाड नव्हताच. खोएखोए समाजातले लोक इथे येत-जात होते, शिंपल्यांवर आणि सीलवर गुजराण करत होते.

पक्ष्यांच्या विष्ठेवरून म्हणे इथे गर्दी उसळली होती?

हो, आणि हिऱ्यांच्या साठ वर्षं आधी. ल्युडेरित्झच्या उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर इचाबो नावाचं जेमतेम साडेसहा हेक्टरचं बेट आहे. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचा कित्येक मीटर जाड थर त्यावर साचला होता. पाऊस नसल्यामुळे त्यातलं नत्र धुऊन गेलं नव्हतं, म्हणून युरोपातल्या शेतीसाठी ते उत्तम खत. १८४३ मध्ये खणायला सुरुवात झाली. ऐन भरात एकाच वेळी चारशेच्या आसपास गलबतं या दगडाभोवती नांगर टाकून उभी होती. भांडणं, मारामाऱ्या, सगळं झालं. १८४५ पर्यंत बेट खरवडून रिकामं.

खणणारे गेले, पण ब्रिटिशांची बेटांवरची नजर गेली नाही. १८६० च्या दशकात त्यांनी इचाबो आणि इतर बेटं ताब्यात घेतली, पुढे ती आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या केप वसाहतीला जोडली. त्यामुळे नंतर बंदर जर्मनांचं आणि त्याच्या तोंडावरची बेटं ब्रिटिशांची, अशी चमत्कारिक स्थिती झाली. नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हाही बेटं दक्षिण आफ्रिकेकडेच होती. १९९४ च्या मार्चमध्ये वॉल्विस बेबरोबर ती परत मिळाली.

पेंग्विनांचं नुकसान मात्र भरून आलं नाही. आफ्रिकी पेंग्विन याच थरात बीळ करून अंडी घालायचे. थर गेल्यावर ते उघड्या खडकावर आले, उन्हात आणि चोरांच्या तोंडी. पुढे सार्डिनचे साठे संपले आणि अन्नही आटलं. २०२४ मध्ये ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेली. दियाश टोकासमोरच्या हॅलिफॅक्स बेटावर ते अजून दिसतात. दुर्बीण न्या, किंवा सकाळी वारा सुटण्याआधी निघणाऱ्या बोटीने जा.

जर्मनांनी हे गाव विकत घेतलं होतं, हे खरं का?

कागदोपत्री खरं. ब्रेमेनचा तंबाखूचा व्यापारी आडोल्फ ल्युडेरित्झ याने १८८३ च्या मे महिन्यात आपल्या दलालामार्फत बेथानीच्या नामा समाजाचे प्रमुख जोसेफ फ्रेडरिक्स यांच्याकडून खाडी आणि भोवतालची जमीन घेतली. किंमत १०० पौंड आणि २०० बंदुका. त्याच वर्षी दुसरा करार झाला: ऑरेंज नदीपासून २६ अंश अक्षांशापर्यंतचा सगळा किनारा, वीस मैल आतपर्यंत.

मेख या ‘मैल’ शब्दात होती. फ्रेडरिक्स यांना माहीत असलेला इंग्रजी मैल १.६ किलोमीटरचा. खरेदीदाराने नंतर दावा केला जर्मन मैलाचा, जो सुमारे ७.४ किलोमीटरचा. म्हणजे ३२ किलोमीटर रुंद पट्टा विकणाऱ्याने दीडशे किलोमीटर रुंद प्रदेश गमावला. हा गैरसमज नव्हता, ठरवून केलेली फसवणूक होती. १८८४ मध्ये जर्मन चॅन्सलर बिस्मार्कने या जमिनीला संरक्षण जाहीर केलं आणि जर्मन नैऋत्य आफ्रिकेची सुरुवात इथून झाली. खुद्द ल्युडेरित्झ १८८६ मध्ये ऑरेंज नदीच्या मुखाकडून बोटीने परतताना समुद्रात बेपत्ता झाला. हिरे त्याला कधी दिसले नाहीत.

शार्क आयलंडवर काय घडलं?

गावाला लागून एक खडकाळ बेट होतं. आता ते भराव घालून जमिनीला जोडलंय. १९०५ ते १९०७ या काळात तिथे जर्मन लष्कराने छळछावणी चालवली.

१९०४ मध्ये हेरेरो आणि पाठोपाठ नामा लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध शस्त्र उचललं. लष्कराने ज्या पद्धतीने ते चिरडलं, त्याला इतिहासकार विसाव्या शतकातला पहिला वंशसंहार म्हणतात. शरण आलेल्यांना, त्यांत बायका-मुलंही होती, छावण्यांत ठेवलं. शार्क आयलंड ही त्यांतली सर्वांत जीवघेणी. आतल्या उष्ण प्रदेशातली ही माणसं धुकं, गार वारा आणि ओल्या खडकावर पोत्याच्या आडोशाने राहत होती. अन्न अपुरं, रोग पसरलेले, आणि दिवसभर धक्का बांधण्यासाठी गार पाण्यात दगड टाकायचं काम. १९०६ च्या सप्टेंबरमध्ये सतराशेच्या वर नामा कैदी इथे आणले गेले. त्यांचे नेते कॉर्नेलिअस फ्रेडरिक्स १९०७ च्या फेब्रुवारीत इथेच मरण पावले. एकूण मृतांचे अंदाज हजारापासून तीन हजारांच्या पुढे जातात. ज्या लोहमार्गाने पुढे हिऱ्यांची भरभराट आणली, तो ल्युडेरित्झ–आऊस मार्गही कैद्यांकडून बांधून घेतला. कामावरच्या दोन हजारांच्या आसपास कैद्यांपैकी निम्म्याहून अधिक मेले.

मृतांच्या कवट्या ‘संशोधना’साठी जर्मनीला पाठवल्या गेल्या. त्या साफ करायचं काम कैदी स्त्रियांना दिलं होतं. २०११ पासून काही अवशेष टप्प्याटप्प्याने परत आले. २०२१ मध्ये जर्मनीने हा वंशसंहार होता असं मान्य करून ३० वर्षांत १.१ अब्ज युरोचा निधी देऊ केला. आम्हाला वाटाघाटीत बसवलंच नाही, म्हणून अनेक हेरेरो आणि नामा संघटनांनी तो नाकारला. छावण्या बंद करण्याचा आदेश २८ मे १९०७ चा. २०२५ पासून नामिबिया हा दिवस राष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून पाळतो.

आता कॉर्नेलिअस फ्रेडरिक्स यांचं स्मारक तिथे आहे. त्याच बेटावर आडोल्फ ल्युडेरित्झचंही आहे. आणि या दोन्हींच्या शेजारी पर्यटकांचा तंबूतळ.

मग तिथे तंबू ठोकावा का?

परवानगी आहे, समोरचा देखावा सुंदर आहे आणि लोक राहतात. आमचं मत विचाराल तर राहू नये. गावात राहण्याच्या इतर जागा आहेत. बेटावर जरूर जा, स्मारकाशी थांबा आणि शक्यतो कोलमान्सकोप बघण्याच्या आधी जा. कोलमान्सकोपच्या सजवलेल्या दिवाणखान्यांकडे बघायची नजर त्याने बदलते.

हिरे सापडले कसे?

१९०८ च्या एप्रिलमध्ये रुळांवरची वाळू काढायचं काम चालू होतं. झकारियास लेवाला या मजुराला एक चमकता खडा दिसला. त्याने आधी दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत काम केलं होतं, त्यामुळे हातात काय आलंय हे त्याला लगेच कळलं. त्याने तो मुकादम आउगुस्ट श्टाउखला दिला. श्टाउखने गाजावाजा न करता आजूबाजूच्या जमिनीचे हक्क घेतले, नोकरी सोडली आणि कोट्यधीश झाला. लेवालाला काही बक्षीस मिळाल्याची नोंद नाही. श्टाउखचा पैसाही टिकला नाही. मंदीत सगळं गेलं आणि १९४७ मध्ये तो जर्मनीत गरिबीत वारला.

हे हिरे इथले नव्हेत. दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागातल्या ज्वालामुखी नळ्यांमधून कोट्यवधी वर्षांच्या झिजेत ते सुटले, ऑरेंज नदीने समुद्रात आणले, लाटांनी आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने उत्तरेकडे सरकवले आणि वाऱ्याने वाळूपासून निवडून काढले. एवढ्या प्रवासात भेगाळ, कच्चे खडे फुटून गेले, म्हणून उरलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दागिन्यांच्या प्रतीचे. नदीच्या मुखापासून जसजसं उत्तरेला यावं तसतसा खडा लहान होतो. हेच पुढे ल्युडेरित्झच्या मुळावर आलं.

सुरुवातीला खाण वगैरे नव्हतीच. पोमोना भागातल्या एका दरीत मजूर रांगेत पोटावर सरपटत वाळूवरून हिरे वेचत. पहिल्या महायुद्धापूर्वी इथून सुमारे ५० लाख कॅरेट, म्हणजे जवळपास १,००० किलो हिरे निघाले.

कोलमान्सकोप ओस का पडलं?

दक्षिणेला मोठे हिरे सापडले म्हणून. १९२८ मध्ये ऑरेंज नदीच्या मुखाजवळ कितीतरी मोठ्या खड्यांचे साठे मिळाले. १९३६ मध्ये तिथे ओरान्येमुंड वसलं, १९४३ मध्ये हिरे काढणाऱ्या कंपनीचं मुख्य कार्यालयही तिकडे हललं. १९५६ पर्यंत कोलमान्सकोपमधलं शेवटचं माणूस निघून गेलं होतं.

त्याआधीचा थाट बघण्यासारखा होता: दवाखान्यात क्ष-किरण यंत्र, बर्फाचा कारखाना, बेकरी, नाटकाचं सभागृह, कसरतीची जागा, लाकडी गल्लीत गडगडत्या चेंडूंचा खेळ. उत्तरेकडच्या ओवाम्बोलँडहून कंत्राटावर आणलेले मजूर मात्र वेगळ्या बराकीत राहत आणि मुदत संपून घरी जाताना त्यांना जुलाबाचं औषध देत, हिरे गिळले असतील म्हणून.

आज खोल्यांत गुडघाभर, कंबरभर वाळू आहे आणि दारं अर्धी उघडी अडकलेली आहेत. हे ठिकाण ल्युडेरित्झपासून दहा-पंधरा किलोमीटरवर आहे. सकाळीच जा. मार्गदर्शकाबरोबरची फेरी तेव्हाच असते आणि वाराही कमी असतो.

वाळूत हिरा दिसला तर उचलता येतो का?

नाही. हात लावू नका. १९०८ मध्येच जर्मन सरकारने ऑरेंज नदीपासून २६ अंशांपर्यंतचा, शंभर किलोमीटर रुंद पट्टा प्रतिबंधित केला आणि पुढची शंभर वर्षं तो तसाच राहिला. २००८ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, क्षेत्रफळ सुमारे २६,००० चौरस किलोमीटर. परवान्याशिवाय अजूनही आत जाता येत नाही. कच्चा हिरा बाळगणं हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. या किनाऱ्यावर हिरे पळवायला माणसांनी कबुतरंही वापरून झाली आहेत.

माणसाला मज्जाव झाल्याचा फायदा वनस्पतींना मिळाला. हिवाळ्यात पावसाचे चार थेंब पडले की दक्षिणेकडच्या भागात मांसल पानांच्या झुडपांना फुलं येतात. त्यांतल्या कितीतरी जाती दुसरीकडे कुठेच नाहीत.

गावात बघण्यासारख्या इमारती कोणत्या?

खडकावरचं ल्यूथरपंथी चर्च, फेल्झेनकिर्खे (१९१२). वेदीमागची रंगीत काच जर्मन सम्राट कैसर दुसऱ्या विल्हेल्मने दिलेली. संध्याकाळी आत ऊन येतं तेव्हा बघा. डायमंड टेकडीच्या खडकात बसवलेलं गोएर्क हाउस त्याच सुमाराचं. बाकी रस्त्यांवर रंगीत जर्मन घरं आहेत, फेरफटका मारायला तासभर पुरे.

गावाचं नाव बदललं का?

मतदारसंघाचं बदललं, २०१३ मध्ये. त्याला नामा भाषेतलं नाव मिळालं. गावाचं बदलण्याला रहिवाशांपैकी अनेकांनी विरोध केला, त्यामुळे पाटीवर अजून तंबाखूच्या व्यापाऱ्याचंच नाव आहे.

आज लोकांचं पोट कशावर चालतं?

मुख्यतः समुद्रावर. हेक माशावर प्रक्रिया करणारे कारखाने, कालवांची (ऑयस्टरची) शेती आणि शेवंड (लॉब्स्टर). शेवंडीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पूर्वी ती इतकी काढली की साठे कोसळले आणि आता कोटा ठरवून दिलेला असतो. हिऱ्यांचं काम समुद्रात गेलं आहे. तळाची वाळू उपसून हिरे काढणारी जहाजं दक्षिणेकडे उभी असतात, पण त्यातला रोजगार गावाला फारसा मिळत नाही. बंदरातून मँगनीजची निर्यात होते.

आता दोन नव्या आशा आहेत. २०२२ मध्ये समोरच्या खोल समुद्रात तेल सापडलं. आणि वारा-उन्हाच्या विजेतून हायड्रोजन तयार करून अमोनियाच्या रूपात निर्यात करायचा सुमारे १० अब्ज डॉलरचा प्रकल्प उभा राहू पाहतोय. गावात बेकारी मोठी, त्यामुळे उत्सुकता खरी आहे. आक्षेपही खरे आहेत. प्रकल्पासाठी दिलेली सुमारे ४,००० चौरस किलोमीटर जागा त्याच राष्ट्रीय उद्यानात आहे, आणि बंदराचा विस्तार शार्क आयलंडच्या अंगावर येतो. तिथल्या पाण्यात आणि जमिनीत आपल्या पूर्वजांची हाडं आहेत, असं नामा वंशज सांगतात. विष्ठा, हिरे, शेवंड यांचे पैसे इथून बाहेर गेल्याचा अनुभव गाठीशी असल्यावर ‘यात आमचा वाटा किती’ हे गावाने आधीच विचारणं रास्तच म्हणायचं.

भारताशी काही संबंध?

दोन. पहिला जुना. २००८ मध्ये ओरान्येमुंडजवळ हिऱ्यांसाठी समुद्र मागे हटवून वाळू उपसताना एक पोर्तुगीज जहाज सापडलं. ते १५३३ मध्ये लिस्बनहून भारताकडे निघालेलं ‘बोम जेझुश’ असावं, असं अभ्यासक मानतात. त्यात दोन हजारांच्या वर सोन्याची नाणी, टनावारी तांबं आणि शंभराहून जास्त हस्तिदंत होते. त्या काळी हा माल मलबार आणि गोव्याच्या किनाऱ्यावर मिऱ्यांच्या बदल्यात जायचा. प्रतिबंधित प्रदेशात असल्यामुळे जहाज लुटलं गेलं नाही.

दुसरा अलीकडचा. दक्षिण नामिबियातल्या रॉश पिनाहजवळची स्कॉर्पियन जस्त खाण २०१० मध्ये वेदांत समूहाने घेतली. तिचं जस्त ल्युडेरित्झच्या धक्क्यावरून बाहेर जायचं. २०२० पासून खाण बंद ठेवलेली आहे.

कधी जावं, किती दिवस ठेवावेत?

दोन रात्री पुरतात. एक सकाळ कोलमान्सकोप, एक सकाळ बोट, दुपारी दियाश टोक आणि शार्क आयलंड. वारा नको असेल तर मे ते ऑगस्ट. या दिवसांत कधीतरी पूर्वेकडून वाळवंटातला गरम वारा येतो आणि हिवाळ्यात घाम फुटतो, पण तो फार टिकत नाही. एरवी बाराही महिने स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट बरोबर हवंच. आफ्रिका म्हणून फक्त सुती कपडे घेऊन येणारे पहिल्याच संध्याकाळी दुकान शोधतात.

येता-जाता आऊसच्या पश्चिमेला गारुबला थांबा. वाळवंटातले रानटी घोडे तिथल्या पाण्याच्या कुंडीवर येतात. बसायला आडोसा बांधलेला आहे. रस्त्यावर अंधारात गाडी चालवू नका, घोडे डांबरावर उभे असतात. आऊसला टाकी भरून घ्या.